निजामोद्दीन पेंटरचे पोपट

औशाच्या किल्ल्यापासून लातूर रोडपर्यंत जेवढी दुकानं होती, त्यांतली निम्मी गावानं निजामोद्दीन पेंटरच्या अक्षरात वाचली होती. अक्षर असं, की चपलांच्या दुकानाची पाटी वाचून माणसानं आपल्या पायांकडे बघावं आणि लाजून आत शिरावं. हे निजामोद्दीनला पुरतं माहीत होतं. नम्रपणा त्याच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्यानं तो कधी मागितलाही नव्हता. पाटी लिहून झाली की तो शिडीवरून उतरायचा, रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "आता आंधळ्याला बी दिसंल."

दिसत नव्हतं ते फक्त एकाच माणसाला, आणि ते माणूस त्याच्याच घरात राहत होतं. त्याची बायको हाजराबी. निलंग्याकडच्या खेड्यातली पोर, शाळेची पायरी तिनं बाहेरूनसुद्धा पाहिली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

लग्नाला महिना झाला असेल. निजामोद्दीननं हौसेनं पत्र्याची एक लहान पाटी केली. हिरव्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत 'हाजराबी', चारी बाजूंनी वेलबुट्टी. तिच्या हातात दिली, "तुझं नाव हाय" म्हणाला आणि कामाला गेला. हाजराबीनं दिवसभर ती पाटी पुसली, बघितली, आणि संध्याकाळी सगळे घरी यायच्या आत चुलीवरच्या भिंतीला स्वतः खिळा मारून लावली. उलटी. जाऊ हसली, दीर हसले, सासूनं तोंडाला पदर लावला. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो निजामोद्दीन. हाजराबी उठली. खिळा उपसला, पाटी काढली आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं खाली करून. पुढं त्यानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, चल, अक्षरं शिकवतो. तिचं उत्तर ठरलेलं असे, "मला रोट्या करायच्या हायत." ते झाकण पंचवीस वर्षं तिथंच राहिलं, आणि रोज पीठ काढताना ते बाजूला होण्याचा आवाज निजामोद्दीन ऐकत राहिला.

ह्याच पंचवीस वर्षांत त्र्याण्णवचा भूकंप झाला. औसा हादरलं, पण उभं राहिलं. किल्लारीकडची गावं राहिली नाहीत. निजामोद्दीन चार महिने तिकडेच होता. आधी ढिगारे उपसायला, पुढं भाकरीच्या गाड्यांवर. नंतर नवी गावं उभी राहिली आणि त्याच्या हातात पुन्हा ब्रश आला. सगळी घरं सारखी, सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी दारं एकाच मापाची. त्यांवर नंबर टाकायचे होते. निजामोद्दीननं असे झोकदार आकडे काढले, की साहेबानं पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी परक्याच्याच ओट्यावर बसून रडताना त्याला दिसली. गुरम्मा नाव. गळ्यात लिंग, शेजारी पाण्याची कळशी. पाणी आणायला गेली आणि तिला आपलं घर सापडेना.

"अव्वा, नंबर बघा की," निजामोद्दीन म्हणाला. "चारशे बारा."

"नंबर मला काय करायचाय?" म्हातारी उसळली. "माज्या घराम्होरं लिंब व्हता. लिंबाकडं बघून येत हुते. ही समदी घरं एकाच आईची लेकरं हायत व्हय रं? वळखायची कशी?"

निजामोद्दीन तिला घरी घेऊन गेला आणि चारशे बाराच्या शेजारी, हाताला येईल एवढ्या उंचीवर, त्यानं एक हिरवा पोपट काढला. लाल चोच, गोल डोळा. म्हातारीनं त्याला बोट लावून पाहिलं आणि कळशी आत नेली. दुसऱ्या दिवशी बायांची रांगच लागली. कुणाला गाय हवी, कुणाला घागर, कुणाला विळा. एकीनं भूकंपात गेलेल्या आपल्या शेळीचं चित्र मागितलं, शिंग मोडकं होतं ते तसंच काढायला लावून. सरकारी भिंत खराब केली म्हणून साहेब ओरडला, पण बाया घरी पोचायला लागल्या हे त्यालाही दिसत होतं.

घरी आल्यावर निजामोद्दीननं ही गोष्ट हाजराबीला चांगली रंगवून सांगितली. तिनं रोटी उलटवता उलटवता ऐकली आणि एवढंच विचारलं, "त्या म्हातारीला कोन हसलं न्हाई?"

पुढं लातूरला क्लासची लाट आली. गल्लोगल्ली क्लास, प्रत्येक क्लासला भिंत, प्रत्येक भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे. निजामोद्दीननं दहा वर्षांत एवढी हुशार पोरं रंगवली, की कुणाच्या कपाळावर किती टक्के शोभतील हे तो चेहरा बघून सांगायचा. हे त्याचे भरभराटीचे दिवस. मग फ्लेक्स आला. मशीन तासाभरात चेहरा छापून देई, वर गालावर चमक फुकट. निजामोद्दीनकडे ट्रकच्या मागचे नंबर तेवढे उरले. पण माणूस खचला नाही, नुसता तापट झाला. फ्लेक्ससमोरून जाताना तो तोंड फिरवून घ्यायचा.

अशात त्याला इस्लापूरहून फोन आला. दामिनी बोलत होती. लातूरला एका क्लासच्या भिंतीवर तो चेहरे रंगवत होता तेव्हा समोरच्या मुलींच्या खोल्यांत ती राहायची, आणि फिजिक्सचा कंटाळा आला की खिडकीतून त्याचा ब्रश बघत बसायची. डॉक्टर काही झाली नाही. वनखात्याची परीक्षा पास होऊन किनवटच्या जंगलात वनपाल झाली. इस्लापूरजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. गावाकडच्या टेकडीवरून, सागवानातून तीन किलोमीटरची एक पायवाट तिनं मोकळी करून घेतली होती. लोकांनी एकट्यानं चालावं, शेवटी टेकडीच्या टोकावरून धबधबा बघावा आणि परत फिरावं. वाटेवर खुणा हव्या होत्या.

"फ्लेक्स लावून बघितला, पेंटरचाचा," ती म्हणाली. "निम्मा शेळ्यांनी खाल्ला, निम्मा लोकांनी गोठ्यावर घातला. तुम्ही या."

फ्लेक्स शेळ्यांनी खाल्ला हे ऐकून निजामोद्दीन एवढा खूश झाला, की त्यानं दुसऱ्याच दिवशीची एसटी धरली.

मे महिना होता. सागवान नागवं उभं, पायाखाली वाळक्या पानांचा चुरा. निजामोद्दीननं खोडांवर डोक्याच्या उंचीला पांढरे बाण काढले, एकेक बाण हातभर, कडा वस्तऱ्यासारख्या. प्रत्येक बाण झाला की सवयीप्रमाणे लांब जायचा, एक डोळा मिटायचा. उघड्या जंगलात बाण शंभर पावलांवरून झळकत होता. "आंधळ्याला बी दिसंल," तो म्हणाला.

वनमजूर ज्ञानोबा विडी शिलगावत बोलला, "चाचा, हितं पाऊस पडला की—"

"ऑइल पेंट हाय. पावसाच्या बापाला निघत न्हाई."

ज्ञानोबानं विडीचा झुरका घेतला. त्याला रंगाबद्दल बोलायचंच नव्हतं, पण शहाण्याला कोण सांगणार?

जुलैत वाट सुरू झाली. पहिली सहल निजामोद्दीननंच ठरवली होती, लातूरच्या एका क्लासची चाळीस पोरं. तो आणि दामिनी टोकावर जाऊन बसले. एक तास झाला, दोन झाले, एकही पोर येईना. तिसऱ्या तासाला ज्ञानोबा त्यांना नाल्यातून हाकत घेऊन आला. गुडघ्यापर्यंत चिखल, सरांचा चष्मा गायब.

झालं होतं असं. पावसानं सागाला थाळीएवढी पानं आली होती आणि कमरेइतकं गवत उभं राहिलं होतं. निजामोद्दीनचे बाण होते तिथंच होते, पानांच्या मागे, अगदी सुरक्षित. मोहाच्या झाडापाशी वाटेला दोन फाटे फुटतात. पोरं तिथं थांबली आणि क्लासात शिकवलं होतं तसं करायला लागली. चाराऐवजी दोनच पर्याय, म्हणजे तुक्का मारला तरी पन्नास टक्के. त्यात एक वाट अरुंद, एक रुंद आणि चांगली मळलेली. जी जास्त मळलेली ती बरोबर, अरुंद कटाप. रुंद वाट म्हशींची होती. म्हशींच्या वाटा अशाच असतात; आधी हमरस्त्यासारख्या आणि पाणी जवळ आलं की वीस ठिकाणी फुटून जिरून जाणाऱ्या. चाळीस पोरं त्या वीस वाटांवर पांगली होती.

सरांनी वरपर्यंत तक्रार केली. आठवड्यानं दामिनीनं निजामोद्दीनला समोर बसवलं. "चाचा, वरून सांगितलंय, नांदेडहून छापील बोर्ड मागवा. पंधरा ऑगस्टच्या आत बसवा, नाही तर वाट बंद करा. तुम्हाला मी बोलावलं होतं, म्हणून बोलणी मीच खाल्ली."

निजामोद्दीन आधी पोरांवर घसरला, मग क्लासवर, मग सागवानावर. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याला दुसऱ्यांच्या बाबतीत लगेच कळायचं. शेवटी चिडून उठला आणि भर पावसात एकटाच ती वाट चालायला निघाला. पाव किलोमीटरवर घसरून सपशेल आडवा झाला. नाकासमोर एक काळा दगड होता. तो तसाच पडून राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं, की निघाल्यापासून आपण एकदाही मान वर केलेली नाही. सगळं लक्ष पायांकडे. औशाला रस्ता ओलांडून पाटी बघता येते. इथं रस्त्याला पलीकडची बाजूच नव्हती. आपण सगळा जन्म लांबून बघणाऱ्यासाठी लिहीत आलो. जवळून, खाली मान घालून चालणाऱ्या माणसासाठी आपण लिहिलं ते फक्त नव्या गावात, त्या म्हातारीसाठी.

चिखलानं भरलेला तो दामिनीसमोर उभा राहिला तेव्हा पुन्हा पहिल्यासारखा ताठ होता. "मॅडम, मला पंधरा दिवस द्या. मग छापील बोर्ड लावायचे का न्हाई ते माझी बायको ठरवंल."

"चाची?"

"तिला अक्षरओळख न्हाई. जंगल कवा बघितलं न्हाई. तिला वाटेच्या तोंडाशी एकटी सोडा, काय बी सांगू नका. टोकावर पोचली तर माझ्या खुणा राहू द्या. न्हाई पोचली, तर पहिला छापील बोर्ड मी माझ्या हातानं ठोकतो."

दामिनीनं विचार केला. दिवसाची वेळ, रोजच्या गुराख्यांचं रान, एका टोकाला ज्ञानोबा, दुसऱ्या टोकाला आपण. "गळ्यात शिट्टी बांधू," ती म्हणाली. "चुकल्यासारखं वाटलं की वाजवायची. शिट्टी वाजली की बोर्ड छापील."

पंधरा दिवस निजामोद्दीन वाटेवर उकिडवा बसून काम करत होता. वाटेकडेच्या दगडांवर, पाऊल पडतं तिथं, त्यानं पोपट काढले. हिरवे, लाल चोचीचे, गोल डोळ्यांचे. चोच ज्या दिशेला ती वाट. पाखरू चोचीच्या दिशेलाच जातं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. जिथं दगड नव्हता तिथं त्यानं नाल्यातून आणून ठेवला. फाट्याजवळ एक पोपट, आणि बरोबर वाटेवर सात पावलं आत गेलं की दुसरा, 'बरोबर आलास' असं सांगायला. ज्ञानोबा ह्या वेळी पुढं पुढं गवत कापून देत राहिला.

उरली हाजराबी. निजामोद्दीन औशाला आला आणि जेवायला बसल्यावर त्यानं सगळं सांगितलं. हाजराबीनं पाण्याचा तांब्या त्याच्यासमोर जरा जोरानंच ठेवला.

"मला रानात सोडून तुमच्या बोर्डाची परीक्षा घेताव व्हय, लुबनाचे अब्बा?" लुबना त्यांची मुलगी, लातूरला दिलेली. "आन् मी चुकले तर? हसायला कोन कोन बसलंय तिथं?"

निजामोद्दीननं ताटातला हात काढला.

"तवा मी हसलो," तो म्हणाला. "ते चुकलं माझं. लई चुकलं. पंचवीस वरसं सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

हाजराबीनं त्याचं ताट पुढं सरकवलं. "जेवा," म्हणाली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "पायात चपला चालत्याल का बूट लागतात?"

ऑगस्टच्या दहा तारखेला, सकाळी नऊला, ज्ञानोबानं हाजराबीला वाटेच्या तोंडाशी सोडलं. गळ्यात शिट्टी, हातात रोट्यांची पिशवी. निजामोद्दीन आणि दामिनी टोकावर होते. धबधबा भरून कोसळत होता. रमतगमत चाललं तरी एका तासाची वाट. दहा वाजेपर्यंत निजामोद्दीन दामिनीला सांगत होता, की पोपटाचा डोळा नेमका कुठं काढला म्हणजे तो बघणाऱ्याकडे बघतो. सव्वादहाला त्याचं बोलणं कमी झालं. साडेदहाला बंद झालं.

"शिट्टी वाजली नाही अजून," दामिनी म्हणाली. "म्हणजे ठीकच आहे."

निजामोद्दीननं धबधब्याकडे बघितलं. एवढ्या आवाजात शिट्टी काय, बंदुकीचा बारसुद्धा ऐकू आला नसता. दोघांनाही हे आधी सुचलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर म्हशींच्या त्या वीस वाटा आल्या आणि त्यांतल्या एकीवर शिट्टी फुंकत उभी असलेली हाजराबी. ती चुकली असेल ह्यापेक्षा, चुकल्यावर तिला काय वाटलं असेल, ह्यानंच त्याचा जीव वर आला. पुन्हा एकदा आपण तिला चार लोकांत उभं केलं.

तो उठला. "मॅडम, मागवा तुमचे छापील बोर्ड. मी हरलो म्हनून लिव्हा. मी माझ्या बायकोला आनायला चाललो."

"चाचा, पाच मिनिटं थांबा—"

तो थांबला नाही. पन्नास पावलं गेला असेल, तर वळणावरून हाजराबी आली. चपला काढून हातात घेतलेल्या, कोपरापर्यंत चिखल, पदर खोचलेला, एक नख फुटलेलं. शिट्टी गळ्यात तशीच, कोरडी.

"कुठं व्हतीस?" निजामोद्दीन ओरडलाच. "दीड तास झाला!"

"तुमचंच काम करून राहिले व्हते," हाजराबी म्हणाली आणि दगडावर टेकली. दामिनी धावत आली, तिनं पाणी दिलं. हाजराबी सावकाश प्याली, मग बोलली.

"मोहाच्या झाडापाशी एक पोपट पाय वर करून पडला व्हता. म्हशीनं ढकलला असंल. तुमी दगड नुसता ठिवला व्हता, खाली काय आधार न्हाई."

निजामोद्दीनला आठवलं. नाल्यातून आणलेला दगड. दगड उलटला म्हणजे चोचही फिरली, सरळ म्हशींच्या वाटेकडे. बिचाऱ्या पोरांना ज्या वाटेनं फसवलं होतं, तिकडेच आता त्याचा पोपट बोट दाखवत होता. "मग?" त्यानं विचारलं.

"मग काय? म्हटलं, हे पाखरू खोटं बोलून राहिलं. दुसरा एक बी पोपट असा पाय वर करून बसलेला न्हाई. म्हशीच्या वाटंनं धा पावलं गेले, काय न्हाई. माघारी आले, दुसऱ्या वाटंनं गेले, तिथं एक सरळ बसलेला घावला. वाट कळाली मला. निघालेच व्हते, पन म्हटलं, मागून येणाऱ्यानं काय करावं? परत गेले, दगड सरळ केला, खाली दगडाच्या चिपा ठोकून बसवला. लई जड व्हता. म्हनून येळ लागला."

हाजराबीनं नवऱ्याकडे बघितलं.

"उलटा व्हता, लुबनाचे अब्बा," ती म्हणाली. "मला कळालं."

निजामोद्दीन मटकन खाली बसला आणि रडायला लागला, दामिनीसमोर, काही लपवाछपवी न करता. हाजराबी आधी चपापली, मग हसली. अशी हसली, की धबधब्याच्या आवाजातही खाली गुरं चारणाऱ्या पोरींनी माना वर केल्या. हसता हसता तिनं पिशवी सोडली आणि तिघांना रोट्या वाढल्या.

छापील बोर्ड आले नाहीत. दामिनीनं वर काय कळवलं ते तिचं तिला ठाऊक, पण पंधरा ऑगस्टला वाट पुन्हा सुरू झाली आणि त्या आधी निजामोद्दीननं ज्ञानोबाला हात जोडून बरोबर घेतलं आणि प्रत्येक दगडाखाली चिपा ठोकून घेतल्या. लातूरच्या त्याच क्लासची पोरं पुढच्या वर्षी आली आणि तासाभरात टोकावर पोचली. सरांनी नवा चष्मा जपून खिशात ठेवला होता.

पण त्याआधीची एक गोष्ट. औशाला परतल्यावर हाजराबीनं पिठाच्या डब्यावरचं झाकण काढलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्यापुढं ठेवलं. पंचवीस वर्षं पिठावर पालथं राहून हिरवा रंग मळला होता, पिवळी अक्षरं मात्र शाबूत होती.

"नाव ऱ्हाऊ द्या तसंच," ती म्हणाली. "वरच्या कोपऱ्यात एक पोपट काढा. मग उलटी न्हाई लागायची."

निजामोद्दीननं बारीक ब्रश काढला आणि पोपट काढला, लाल चोच, गोल डोळा. मग तिनं खिळा मारला आणि चुलीवरच्या भिंतीला पाटी लावली, सरळ. निजामोद्दीन सवयीनं मागे सरकायला लागला, दारापर्यंत गेला आणि थांबला. परत आत आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "दिसतंय का तुला?"

"दिसतंय की," हाजराबी म्हणाली. "आता सरा, पिठाला दुसरं झाकण बघू द्या."